ज्वारी अजून घडते आहे

सुदानच्या पूर्व भागात, कसाला शहराच्या आसपासच्या माळरानावर, इसवी सनापूर्वी ३५०० ते ३००० या काळात राहणारी माणसे मडकी घडवताना मातीत ज्वारीचा भुसा मिसळत असत. मडके भाजले की भुसा जळून जाई, त्याचा ठसा मात्र मातीत राही. ही खापरे उत्खननातून आधीच हाती आलेली होती. त्यांतल्या ठशांचा बारकाईने केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि ज्वारीच्या इतिहासातला एक महत्त्वाचा दुवा हाती लागला. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, म्हणून त्याच्या सांध्याची जागा गुळगुळीत असते. माणसाने पेरलेल्या ज्वारीचा दाणा मळल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तिथला सांधा फाटलेला दिसतो. त्या खापरांत दोन्ही प्रकारचे ठसे होते. एकाच वस्तीच्या भुशात रानटी आणि माणसाळलेली अशी दोन्ही ज्वारी एकत्र नांदत होती. शेतीचा शोध म्हणून आपण जे चित्र मनात धरतो, म्हणजे कुणी एके दिवशी बी पेरले आणि पीक तयार झाले, त्याच्याशी हा पुरावा जुळत नाही. माझे म्हणणे असे, की कसालाच्या खापरांत दिसणारी ती अर्धवट अवस्था पुढे कधी संपलीच नाही. पिकाचे माणसाळणे हे हंगामागून हंगाम चालू असलेले काम आहे, आणि ज्याला आपण पिकांचे जनुकीय वैविध्य म्हणतो ते या कामातून निपजत राहते. काम थांबले तर जुना साठा कितीही मोठा असला तरी तो पुरणार नाही. वैविध्य वाचवण्याची आपल्याकडची बहुतेक चर्चा मात्र त्याला पूर्वजांनी मिळवून ठेवलेले आणि आता फक्त कुलपात ठेवायचे धन समजते. या समजुतीची किंमत कोरडवाहू शेतीने मोजलेली आहे.

माणसाळण्याच्या गतीबद्दल आधी शास्त्रज्ञांचाही अंदाज चुकला होता. १९९० साली गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी रानटी गव्हाच्या कापणीचे प्रयोग आणि गणित यांवरून दाखवले, की कापणी आणि पेरणी ठरावीक पद्धतीने केली तर दाणा न गळणारे पीक २० ते २०० वर्षांत सर्वत्र दिसू लागेल. प्रत्यक्ष उत्खननांतला पुरावा साठत गेला तसे पश्चिम आशियात गहू आणि जवाला यासाठी दोन-तीन हजार वर्षे लागल्याचे दिसले. यात आश्चर्य नाही. पेरलेल्या तुकड्याच्या बांधापलीकडे रानटी नातलग उभे असत, त्यांचा पराग येत असे, वाईट वर्षी माणसे पुन्हा रानातले धान्य गोळा करत आणि त्यातलेच थोडे पुढच्या वर्षी पेरत. ज्वारीच्या बाबतीत तर हे काम एका ठिकाणी झालेच नाही. दाणा गळण्याशी संबंधित जनुकात ज्वारीच्या वेगवेगळ्या वंशांत तीन वेगवेगळे बिघाड झालेले आहेत, असे २०१२ साली सिद्ध झाले. एकच गुण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी तीन निरनिराळ्या वाटांनी निवडला. जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच म्हटले होते, की आफ्रिकेत पिकांच्या उगमाचे नेमके केंद्र शोधू नये, कारण तिथे हे काम खंडाच्या आडव्या पसरलेल्या पट्ट्यात सर्वत्र चालले होते. जनुकशास्त्र आता त्याच्या बाजूने साक्ष देत आहे.

रानटी पूर्वजांतली मोजकी झाडे निवडली गेल्यामुळे प्रत्येक पिकात पूर्वजांपेक्षा वैविध्य कमी असते, हे पाठ्यपुस्तकात शिकवतात आणि ते खरेच आहे. आपण पोळीसाठी वापरतो तो गहू तर खपलीच्या कुळातला एक गहू आणि एक रानटी गवत यांच्या थोड्याशा योगायोगी संकरांतून आला, त्यामुळे त्याचा पाया फारच अरुंद आहे. पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट कळते. निवडीच्या त्या अरुंद वाटेतून बाहेर पडल्यावर पीक जिथे जिथे गेले तिथे नव्या प्रकारचे वैविध्य उभे राहिले, आणि ते रानटी पूर्वजात कधीच नव्हते. पांढरा टपोरा दाणा, रसाळ गोड ताट, मोकळे किंवा गच्च कणीस, तुरट किंवा गोड चव, ही सगळी निवडणाऱ्या हातांची निर्मिती. पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी भागात मोकळ्या कणसाची ज्वारी टिकली, कारण गच्च कणसात पाणी अडकून दाणा बुरशीने काळा पडतो. कोरड्या प्रदेशात गच्च कणीस चालले. आफ्रिकेत जिथे क्वेलिया पाखरांचे प्रचंड थवे येतात तिथे शेतकऱ्यांनी तुरट दाण्याची ज्वारी राखली, कारण पाखरे तिला कमी शिवतात, आणि जिथे हा त्रास कमी तिथे गोड दाणा निवडला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा संबंध जनुकांपर्यंत नेऊन दाखवला गेला. कोणत्या ज्वारीचे बी पुढे जायचे, यात शेतकऱ्याइतकाच पाखरांचा आणि पावसाचाही वाटा होता.

ज्वारी भारतात साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात आली. तिच्यासोबत आफ्रिकेतून बाजरी आणि नाचणीही आली, आणि दख्खनच्या जेवणाचा पुढचा चार हजार वर्षांचा पाया या तीन पाहुण्या पिकांनी घातला. आपण मराठी माणसे ज्वारीला इतकी आपली मानतो की ती परदेशी आहे हे ऐकून अनेकांना नवल वाटते. मला यातली अधिक महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की ज्वारी इथे येऊन बदलली. भीमा, सीना, मांजरा, गोदावरी यांच्या खोऱ्यांतल्या खोल काळ्या जमिनीवर शेतकऱ्यांनी एक वेगळेच गणित बसवले. पावसाळा संपत आला की पेर करायची आणि पुढे जवळजवळ एकही सर न पडता, जमिनीत साठलेल्या ओलीवर, थंडीच्या दिवसांत पीक काढायचे. पीक पोटरीत येते, निसवते, दाणा भरतो, आणि तोवर वरची जमीन भेगाळलेली असते. अशा हंगामात दाण्यावर बुरशी धरत नाही, तो मोत्यासारखा चकचकीत राहतो. पण रोपावस्थेत खोडमाशी असते, आणि दाणे भरताना ओल संपली तर खडखड्याने ताटे कोलमडतात. या दोन्हींतून जे वाचले त्याचेच बी पुढे गेले. शेतकऱ्याची निवड नुसत्या दाण्यावर नव्हती. भाकरी मऊ राहिली पाहिजे, कडबा जनावराने आवडीने खाल्ला पाहिजे, ताट उंच आणि पानाळ हवे, असे हिशेब एकाच वेळी चालत. शिवाय हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती, कुचकुची अशा गोड ज्वाऱ्या वेगळ्या राखल्या गेल्या. त्यांचे क्षेत्र बांधाकडेच्या चार तासांइतके असले तरी पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्यांचे बी काढून ठेवले.

हे घडवणे कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ज्वारी मुख्यतः स्वपरागी आहे, पण पूर्णपणे नाही. शंभरातले साधारण पाच ते पंधरा दाणे शेजारच्या ताटाच्या परागाने धरतात. त्यामुळे गावरान ज्वारीचे शेत म्हणजे एकमेकांच्या अगदी जवळच्या पण किंचित वेगळ्या असंख्य वंशांचा समुदाय असतो आणि दरवर्षी त्यात थोडी सरमिसळ होते. शेतकरी किंवा बहुतेक घरांत शेतकरीण कापणीच्या वेळी चांगली कणसे बियाण्यासाठी बाजूला काढते, तेव्हा ती या समुदायाला एका दिशेने हलके ढकलते. अवर्षणाचे वर्ष एका दिशेने ढकलते, खोडमाशीचे वर्ष दुसऱ्या. कुठलाच एक धक्का निर्णायक नसतो, म्हणून समुदायातले वेगळेपण शिल्लक राहते आणि तरी तो त्या जमिनीला, त्या हवेला जुळत जातो. हे काम कुणाच्या वहीत लिहिलेले नसते. ते बियाण्यातच साठते.

विसाव्या शतकात या कामाचे दोन भाग पडले. निवड करणारा वेगळा झाला आणि पेरणारा वेगळा. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक उत्तम वंश वेगळा काढला गेला, तो मालदांडी ३५-१. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातल्या रब्बी शेतीवर त्याचे राज्य अजूनही मोडलेले नाही, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या मुळाशीही ही मालदांडीच आहे. त्या वेळच्या संशोधकांनी शेतकऱ्यांच्या कामावरच पुढचे बांधकाम केले, म्हणून तो वाण टिकला. तरी एक गोष्ट विसरू नये. आज ज्याला आपण मालदांडी म्हणतो तो मूळ मालदांडी समुदायातला एकच वंश आहे. त्याच्या यशामुळे आसपासचे बाकीचे वंश शेतातून मागे सरले. म्हणजे गावरान म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो तेही पूर्वीच्या मानाने अरुंदच आहे.

खरिपात मात्र मोडतोड जास्त झाली. १९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांना मिलो आणि काफिर या ज्वारींच्या संकरातून नर-वंध्य झाडे मिळवण्याची पद्धत सापडली आणि संकरित बियाण्याचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन शक्य झाले. भारतात १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. त्याचा माता-वाण अमेरिकेतून आलेला होता. बुटके ताट, शंभर-सव्वाशे दिवसांत पक्व होणारे पीक, खताला भरघोस प्रतिसाद. हेक्टरी उत्पादन ठळकपणे वाढले, पाऊस लवकर गेला तरी पीक हाती लागू लागले, आणि हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण जुन्या खरीप ज्वाऱ्या उशिरा का निसवत याचा विचार या आराखड्यात नव्हता. त्या दिवस लहान होऊ लागले की निसवत, म्हणजे दाणा भरण्याची वेळ पाऊस उघडल्यानंतर येई आणि दाणा स्वच्छ राही. दिवसाच्या लांबीची ही जाण संकरित वाणांतून काढून टाकलेली होती, कारण तिच्यामुळे वाण सगळीकडे चालत नाही. परिणाम असा, की दाणा सप्टेंबरच्या पावसात पिकू लागला आणि काळा पडू लागला. काळ्या ज्वारीला भाव नाही, भाकरी बेचव, कडबा आखूड. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, सोयाबीनला पैसे मिळू लागले, आणि खरीप ज्वारी सुटत गेली. १९६० च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती. आज तिचा चौथा हिस्साही उरलेला नाही, आणि घटीचा मोठा वाटा खरिपाचा आहे. केवळ संकरित वाणांमुळे हे झाले असे मी म्हणत नाही. शिधावाटपाचे धोरण आणि तेलबियांचा भाव ही कारणे कदाचित जास्त जड असतील. पण जे पीक आपल्या हवेशी जुळणारा गुण गमावते ते बाजाराच्या धक्क्यासमोर कमकुवत ठरते, हे यात स्पष्ट दिसते. रब्बीत, जिथे संशोधन फुले यशोदा आणि फुले माउली यांसारख्या वाणांतून स्थानिक साठ्याकडे वळत राहिले, तिथे ज्वारी अजून उभी आहे.

अरुंद पायाचा धोका किती खरा असतो, याचा पुरावा बाजरीने दिला. १९६५ मध्ये एचबी-१ हा भारतातला पहिला संकरित बाजरी वाण आला आणि पाठोपाठ त्याच्या भावंडांची मालिका आली. या सगळ्यांची आई एकच होती, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथला टिफ्ट २३ए हा वंश. १९७०-७१ मध्ये देशात बाजरीचे विक्रमी पीक निघाले आणि लगेच पुढच्या हंगामापासून गोसावी रोगाने ही बाजरी आडवी केली. कणसाच्या जागी पानांचे हिरवे झुबके येत. त्याच सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्याचे असेच झाले होते. तिथे संकरित मक्याचा सुमारे ८५ टक्के भाग टेक्सास नर-वंध्य प्रकारच्या पेशीद्रवावर अवलंबून होता, त्यावर करपा पडला आणि देशाच्या मक्याचा साधारण सातवा हिस्सा गेला. अमेरिकेने दुसऱ्याच वर्षी बियाणे बदलले, कारण तिच्याकडे पर्याय तयार होते. आपल्याकडे बाजरीत एका संकरित वाणाच्या जागी दुसरा आला, तोही पुढे गोसावीला बळी पडला. टिकाऊ उत्तर आले ते पुन्हा शेतकऱ्यांच्या शेतातून. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातल्या इनियादी या गावरान बाजरीतून निवडलेला आयसीटीपी ८२०३ हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. लवकर येणारा, टपोऱ्या दाण्याचा, गोसावीला बऱ्यापैकी तोंड देणारा. त्यातूनच लोहाचे प्रमाण वाढवून २०१२ मध्ये ‘धनशक्ती’ हा वाण महाराष्ट्रात आला. टोगोच्या अनाम शेतकऱ्यांनी चालू ठेवलेल्या कामाचे फळ महाराष्ट्रातली बाजरी खाणारी माणसे आजही खात आहेत. मला हे ऋण फार मोठे वाटते, आणि ते आपल्या शालेय पुस्तकांत कुठेही नोंदलेले नाही याचे वाईट वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो. टोगोचे बी संस्थेच्या साठ्यात होते म्हणूनच ते कामी आले ना? मग साठे मजबूत करा, शेतात वैविध्य राखण्याचा आग्रह कशाला? साठ्यांचे महत्त्व मी जराही कमी लेखत नाही. १९७० च्या दशकात आशियातल्या भातावर खुजेपणाचा विषाणुरोग आला तेव्हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले आणि प्रतिकार फक्त एकात सापडला. तो १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानटी भाताचा नमुना होता. त्याच्या आधारे १९७६ मध्ये आलेला आयआर-३६ पुढे जगातल्या सर्वाधिक पेरल्या गेलेल्या भातांपैकी एक झाला. सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची बियाण्यांची पेढी शास्त्रज्ञांच्या हातून गेली, तेव्हा २०१५ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या कोठारातून बी परत काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय पेढीत साडेचार लाखांवर नमुने आहेत, हैदराबादजवळ पाटणचेरूला एकट्या ज्वारीचे चाळीस हजारांवर. हे सगळे हवेच. पण उणे अठरा अंशांत ठेवलेले बी जमा केल्याच्या दिवशी होते तसेच राहते, आणि बाहेर खोडमाशी, मावा, बुरशी, पावसाचे वेळापत्रक हे सगळे पुढे सरकत राहते. १९६३ चा नमुना १९७० च्या रोगाला उपयोगी पडला, कारण तोवर शेताशेजारच्या दलदलीत त्या भाताची आणि रोगांची झुंज चालू होती. आज त्या दलदली बुजवल्या, शेते एकसारखी केली, तर २०७० च्या रोगाशी झुंजलेला नमुना कुठून आणायचा? शिवाय पेढीतल्या पुष्कळ नमुन्यांसोबत गाव आणि तारीख यापलीकडे काही लिहिलेले नसते. ही ज्वारी त्या घराने का राखली, ती कोणत्या वर्षी कामी आली, हे माहीत असणारी बाई पेढीच्या नोंदीत नसते. पेढी आणि शेत यांपैकी एक निवडायचे नाही. शेत चालू असेल तरच पेढीत नवे काही भरता येते, हा माझा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप भुकेचा आहे आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. ते आठवणाऱ्या पिढीला कुणी गावरान वाणांचे कौतुक सांगू लागले तर राग येणे स्वाभाविक आहे. भूक आणि वैविध्य समोरासमोर उभे केले तर माझे मत नि:संशय भुकेच्या बाजूने जाईल. पण तसे उभे करण्याची गरज नाही. हरितक्रांतीचा बुटका गहू जपानच्या नोरिन १० मधून आला आणि बुटका भात तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या शेतकऱ्यांच्या भातातून. उत्पादनवाढीचा पायाच वैविध्याने पुरवला होता. शेतात विविधता ठेवली तर उत्पादन घटतेच, असेही नाही. चीनच्या युन्नान प्रांतात हजारो शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणारा चिकट भात आणि प्रतिकारक संकरित भात ओळीआड पेरून पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचे उत्पादन ८९ टक्क्यांनी वाढले. बुरशीनाशकाची फवारणी थांबवता आली. कोरडवाहू शेतकऱ्याला तर चांगल्या वर्षाच्या विक्रमी उत्पादनापेक्षा वाईट वर्षी काहीतरी हाती लागण्याची खात्री मोलाची असते, आणि ही खात्री एकसारख्या शेतापेक्षा मिश्र समुदायाकडून अधिक मिळते.

आता जनुक-संपादनाचा भरवसा दिला जातो. हवा तो बदल प्रयोगशाळेत करता येईल, तर जुन्या वाणांची वाट कशाला पाहायची? हे तंत्र उपयुक्त आहे आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र कोणता बदल हवा हे ते सांगत नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणावरचे उत्तर गेबिसा इजेटा या इथिओपियात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने काढले आणि त्यासाठी त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. टारफुल्याच्या बियांना जागे करणारे मुळांतले संकेत ज्यांत क्षीण आहेत अशा ज्वाऱ्या आधी आफ्रिकेच्या शेतांत होत्या, जनुक नंतर सापडले. २०१३ नंतर अमेरिका आणि हैतीत ज्वारीवर माव्याची भयंकर साथ आली, तेव्हा टिकलेल्या ज्वारीतले प्रतिकाराचे जनुक मागे शोधत गेल्यावर इथिओपियाच्या गावरान वाणांपर्यंत पोहोचले. एका जनुकाच्या गुणांबाबत हे, तर ओल संपत असताना दाणा भरत राहणे यासारख्या शेकडो जनुकांच्या एकत्रित वागणुकीबाबत काय सांगावे! कात्री कितीही धारदार झाली तरी कापड विणण्याचे काम ती करत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वाधिक पटतो. शेतकरी हा वैविध्याचा रखवालदार नाही. त्याच्या मुलांना शाळा हवी, घरावर स्लॅब हवा, आणि त्याने सोयाबीन पेरले तर त्याला दोष देण्याचा अधिकार शहरात बसून भाकरी विकत घेणाऱ्याला नाही. म्हणूनच हा प्रश्न निष्ठेचा नसून मोबदल्याचा आहे. आपले धोरण आज उलट दिशेने चालते. शेतकऱ्याने घरचे बी सोडून किती प्रमाणात विकतचे बी घेतले, याला बियाणे बदलाचा दर म्हणतात आणि तो वाढणे ही प्रगती मानली जाते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क दिला. तो चांगला कायदा आहे, पण घरचे बी राखणाऱ्याच्या घरी त्यामुळे जादा पैसा येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात गावरान बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. त्यांच्यासारख्या बायका ज्या गावोगाव हेच काम करतात, त्यांच्या धान्याला बाजारात वेगळा भाव मिळाला असता तर तो आनंद टिकाऊ ठरला असता. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारीची बिस्किटे आणि पोहे शहरांत पोहोचले. पण पाकिटावर ज्वारी एवढेच लिहिलेले असते. कोणती, कुठली, हे नसते. अशा बाजारात सर्वांत स्वस्त आणि एकसारखी ज्वारीच जिंकणार.

काय करता येईल याचे एक जुने आणि कमी आठवले जाणारे उदाहरण आहे. १९२० च्या दशकात जॅक हार्लनचे वडील हॅरी हार्लन यांनी जगभरातल्या २८ जवांचे एकमेकांशी संकर करून सगळे बी एकत्र केले. ते मिश्रण कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे वर्षानुवर्षे नुसते पेरले आणि कापले गेले. निवड जमीन, हवा आणि रोग यांच्यावर सोडली. काही दशकांत त्या मिश्रणाचे उत्पादन वाढत गेले आणि रोगांशी त्याची झुंज सुधारली. हेच दख्खनमध्ये ज्वारीसाठी करणे अवघड नाही. राहुरी आणि परभणीच्या विद्यापीठांनी स्थानिक मालदांडी, दगडी, हुरड्याच्या ज्वाऱ्या आणि पाटणचेरूच्या साठ्यातल्या खोडमाशीला तोंड देणाऱ्या आफ्रिकी ज्वाऱ्या यांची मिश्रणे तयार करावीत. ती वीस-पंचवीस गावांत, वेगवेगळ्या खोलीच्या जमिनींवर, शेतकऱ्यांच्या हाती द्यावीत आणि कणसे निवडण्याचे काम त्यांच्याचकडे सोडावे. दरवर्षी थोडे बी पेढीत जमा व्हावे. या शेतांना अवर्षणाच्या वर्षी भरपाई द्यावी, कारण त्यांतले काम सगळ्या राज्यासाठी चाललेले असेल. एका धरणाच्या कालव्याच्या दुरुस्तीइतकाही पैसा त्याला लागणार नाही.

वाचकांकडे मात्र माझे मागणे वेगळे आहे. दिवाळीनंतर रब्बी ज्वारी जोमाने वाढू लागेल, डिसेंबर-जानेवारीत हुरडा येईल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात उतरेल. ती घेताना दुकानदाराला वाणाचे आणि गावाचे नाव विचारा. त्याला सांगता आले नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. जो शेतकरी ते नाव सांगून बी आणि धान्य विकतो, त्याला घासाघीस न करता त्याच्या मागणीचा भाव द्या.